एक मयत, एक प्रत

१

स्टुडिओ उघडल्यावर माझा क्रम ठरलेला असतो. शटर वर ढकलायचं, येशूच्या तसबिरीखालचा छोटा लाल दिवा लावायचा, कॉम्प्युटरचं बटण दाबायचं आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून काळी कॉफी घेऊन यायची. कॉफी घेऊन परत येईपर्यंत पडद्यावर माझे वडील आलेले असतात. हा स्टुडिओ त्यांनी काढला, म्हणून त्यांचाच फोटो मी तिथे ठेवलाय. गेली नऊ वर्षं यात फरक पडला नव्हता.

त्या दिवशी मी कॉफी आणली, प्यायलो, पेपरातलं मृत्यूंचं पान वाचून काढलं, तरी पडदा काळाच. मग अप्पच्चन, म्हणजे वडील, आले. आधी कपाळ आलं, मग डोळे, बऱ्याच वेळाने मिशा. हनुवटी यायला आणखी अर्धं मिनिट गेलं. मी म्हटलं, मशीन म्हातारं झालं. मीही चोपन्नचा झालोय, मलाही सकाळी उठायला वेळ लागतो. एवढं म्हणून मी कामाला लागलो.

टेबलाखालच्या फळीवर दोन डिस्का असतात, दोन्ही कॉम्प्युटरला कायमच्या जोडलेल्या. पांढरी लग्नांची, काळी मयतांची. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस कुवेतला नाहीतर आयर्लंडला, त्यामुळे मयताचं चित्रण लग्नाइतकंच मन लावून करावं लागतं. शवपेटीभोवती घरदार उभं राहतं, मी इकडे बघा म्हणतो, आणि रडणारी माणसंही इकडे बघतात. कारण त्या काचेतून कोण बघणार आहे ते त्यांना ठाऊक असतं.

पांढऱ्या डिस्केतल्या प्रत्येक लग्नाच्या मी दोन-दोन प्रती ठेवतो. काळ्या डिस्केतलं मात्र दुसरीकडे कुठेच नसतं. हा अप्पच्चनचा नियम. एक मयत, एक प्रत. एकेचाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होईपर्यंत ती उघडायची नाही, तिची नक्कल करायची नाही. जाणाऱ्याला चाळीस दिवस नीट जाऊ द्यावं, मागून त्याची चित्रं हलवत बसू नये, असं ते म्हणत. त्यांच्या काळी टेप असायच्या. टेप कपाटात ठेवली की चाळीस काय, चारशे दिवस सुखाने पडून राहायची.

त्या दिवशी काळ्या डिस्केत एकच ताजं मयत होतं, शेजारच्या अन्नाम्मा चेडत्तीचं. तिला जाऊन सहा दिवस झाले होते.

२

आठव्या दिवशी काळ्या डिस्केवरची तिची फाइल दिसेना. इतर सगळी मयतं जागच्या जागी होती, तिचीच जागा रिकामी. डिस्क काढून पुन्हा जोडली तर नाव परत हजर, जसं काही झालंच नाही. चष्मा पुसून मी स्वतःची समजूत घातली.

कॅमेऱ्यातलं कार्ड बघावं तर ते मी रविवारच्या बाप्तिस्म्यासाठी पुसून टाकलं होतं. कार्ड डिस्केत रिकामं करायचं आणि पुढच्या कामाला घ्यायचं, ही माझी पद्धत. म्हणजे चेडत्तीचा शेवटचा चेहरा जगात फक्त त्या काळ्या डबीत होता.

आणि तो चेहरा तिच्या मुलीने मागितला होता. जेसी, एकुलती एक, कुवेतच्या इस्पितळात नर्स. कागद नव्याने करायला दिलेले, पासपोर्ट तिकडच्या ऑफिसात अडकलेला, त्यामुळे आई गेली तरी तिला निघता येईना. अंत्यविधीच्या सकाळी तिचा फोन आला. रडून रडून आवाज बसलेला होता.

"ईप्पन चेट्टा, पेटी बंद करण्याआधी तोंडावरचं वस्त्र मी घालायचं होतं. आता दुसरं कोणीतरी घालेल. वस्त्र पडेपर्यंत तुम्ही कॅमेरा हलवू नका. मला पूर्ण बघायचंय."

"नाही हलवणार, मोळे," मी म्हटलं. चेट्टा म्हणतात थोरल्या भावाला, मोळे म्हणजे लेकी. तिला मी परकरात असल्यापासून बघतोय.

आणि मी खरंच हलवला नाही. अकरा मिनिटं अखंड. कबरस्तानात शेवटचं चुंबन घ्यायला माणसं वाकत होती, उठत होती, मी चेहरा सोडला नाही. पुतण्याने पांढरं वस्त्र घातलं तोपर्यंत. इतकं स्थिर चित्रण माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. हात का थरथरले नाहीत हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, काचेतून बघितलं की तिच्याकडे सरळ बघावं लागत नव्हतं, म्हणून.

३

नवव्या दिवशी शायनी आली. समोरच्या इमारतीत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे सगळ्या गावाशी नापास झालेल्या पोरांशी बोलावं तशी बोलते. प्रिंटर बघायला आली आणि पेचकस हातात धरून मध्येच थांबली.

"हा आवाज कधीपासून येतोय?"

"कसला आवाज?"

"चेट्टा, कान दाखवून घ्या एकदा डॉक्टरला." ती टेबलाखाली वाकली. "ही काळी. ऐका."

मी ऐकलं. टक, टक, टक. मग शांतता. मग पुन्हा तीन.

ऐकलं म्हणतो, पण खरं तर तो आवाज मला दोन दिवस येत होता. आवाज आला की मी रेडिओ लावत होतो.

"मशीन उघडायला वेळ लावतंय?" शायनीने विचारलं. "फाइली गायब होऊन परत येतात?"

"एकदा आली तशी."

"म्हणजे सगळं होतंय आणि तुम्ही कॉफी पीत बसलाय. आत एक बारीक सुई असते, चेट्टा. तिला आपली जागा सापडत नाही, म्हणून ती परत परत कडेला जाऊन आपटते. आवाज येतोय तोवर आशा आहे. आवाज थांबला की संपलं. आत्ताच्या आत्ता दुसऱ्या डिस्केवर उतरवून घ्या. आधी वाचवायचं, का बिघडलं ते मागाहून बघायचं."

"एकेचाळिसावा झाल्यावर."

"डिस्कचा बाप्तिस्मा झालेला नाही, चेट्टा. तिला तुमचे दिवस कळत नाहीत."

"अप्पच्चनचा नियम आहे."

"अप्पच्चन असते तर त्यांनी आधी डिस्क वाचवली असती आणि मग चर्चमध्ये जाऊन कबुली दिली असती. निदान कुलपात ठेवा, चालवू नका. जेवढी फिरेल तेवढं आतलं खाईल."

तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं होतं. तासाभराचं काम होतं. नवी डिस्क तिच्याच दुकानात मिळाली असती. मी वडिलांचं नाव पुढे केलं, कारण ते सोपं होतं. खरी गोष्ट ही की ती फाइल उघडायला लागू नये म्हणून मला एक कारण हवं होतं, आणि बत्तीस दिवसांचं कारण माझ्यापाशी आयतं होतं.

मी काळी डिस्क सोडवली, फडक्यात गुंडाळली आणि अप्पच्चनच्या लाकडी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

४

स्टुडिओची मागची भिंत आणि चेडत्तीच्या खोलीची भिंत एकच. मी तिला चेडत्ती म्हणायचो, थोरल्या वहिनीला म्हणतात तसं. दोन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताच्या बोटात लग्नाची अंगठी तेवढी उरली होती. काही हवं असलं की ती अंगठी लोखंडी खाटेच्या दांड्यावर वाजवायची. तीनदा. मग थांबायची. कोणी आलं नाही की पुन्हा तीनदा.

घरात तिला बघायला ओमना होती, होम नर्स, चांगली बाई. पण ओमनालाही बाजार असतो, अंघोळ असते. म्हणून जेसीने जाताना मला हात जोडले होते.

"चेट्टा, तुमची खुर्ची भिंतीला लागूनच आहे. टकटक बराच वेळ चालू राहिली तर एकदा डोकावाल ना?"

"हे काय सांगायला हवं का?" मी म्हटलं होतं.

पहिले काही महिने मी डोकावलो. पाणी पाजलं, उशी नीट केली, पंखा कमी केला. चेडत्ती डाव्या डोळ्याने हसायची. मग कामं वाढली. टकटक झाली की मी मनात म्हणायचो, ओमना असेल. बहुतेक वेळा ती असायचीही. हळूहळू तो आवाज माझ्या लेखी पंख्याच्या आवाजासारखा झाला. चालू असला तरी कळू नये असा.

ती गेली तो दिवस चर्चच्या वार्षिक उत्सवाचा, पेरुन्नाळचा. दीड वाजता ओमनाने दारातून डोकं आत घातलं. "पेरुन्नाळला जाऊन येते, चेट्टा. म्हातारी झोपलीय. जरा कान असू द्या."

"जा तू," मी म्हटलं.

पाच वाजता ती परतली तेव्हा चेडत्ती गार पडली होती. डॉक्टर म्हणाले, पुन्हा गाठ झाली, तीनच्या सुमाराला गेली असेल, तासभर आधी कोणी आणलं असतं तर वाचलीही असती, सांगता येत नाही. कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत. मला ओमनाने विचारलं, सगळ्यांनी विचारलं, आणि मी सगळ्यांना, फोनवर जेसीलाही, एकच सांगितलं. बाहेर बँड वाजत होता. एका लग्नाचं काम त्याच संध्याकाळी द्यायचं होतं, बँडच्या आवाजात काही सुचेना म्हणून कानांवर हेडफोन घातले. काही ऐकू आलं नाही.

सगळ्यांना ते पटलं, वेळेचा हिशोब कोणी केला नाही. पेरुन्नाळचा बँड आमच्याकडे नदीपलीकडे ऐकू जातो. इतक्या वेळा सांगितल्यावर मलाही तो बँड स्वच्छ ऐकू यायला लागला होता.

५

डिस्क कपाटात ठेवल्यावर दहा-बारा दिवस बरे गेले. अप्पच्चनचा फोटो पुन्हा कॉफी आणेपर्यंत पडद्यावर यायला लागला. रेडिओची गरज उरली नाही.

तेविसाव्या दिवशी भरदुपारी जेसीचा फोन आला. पासपोर्ट सुटला होता. चाळिसाव्या दिवशी पोचते म्हणाली, एकेचाळिसाव्याला प्रार्थना आणि जेवण, पाहुण्यांना पाळप्पम नि इष्टू पुरेल ना, असं सगळं विचारत होती. मी उत्तरं देत होतो. मध्येच तिने विचारलं.

"चेट्टा, तुम्ही आमच्या घरी आहात?"

"नाही गं. स्टुडिओत आहे."

"अम्मच्चीच्या खोलीत कोणी आहे?"

"घराला कुलूप आहे, मोळे. किल्ली माझ्याकडे आहे."

मग हळूच म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही का?"

मी फोन कानापासून दूर धरला. लाल दिवा. पंखा. रस्त्यावरून गेलेली रिक्षा. आणि कपाटातून तीनदा.

त्या डिस्केला तार नव्हती. वीज नव्हती. मी कपाट उघडलं, फडकं सोडलं, डबी हातात घेतली. अंगणात ऊन खात पडलेल्या दगडासारखी ती कोमट लागली. हातात असताना काही वाजली नाही. मी स्वतःला सांगितलं, जुनं लाकूड उन्हाने तडकतं. वाळवी आतून पोखरते तेव्हाही टकटकते. पाइपात पाणी असतं. शहाण्या माणसाला सुचतील ती सगळी कारणं मला सुचली, आणि ती सगळी खरी असू शकली असती.

"लाकडाचा आवाज आहे," मी फोनवर म्हटलं.

"हो का," जेसी म्हणाली. "ती अशीच बोलवायची ना. मला वाटलं, कोणी गेलं का नाही तिच्याकडे."

फोन ठेवल्यावर मी शायनीकडे जायला निघालो होतो. चप्पल पायात घातली होती, हे मला पक्कं आठवतं. त्या दिवशी गेलो असतो तर अकराच्या अकरा मिनिटं वाचली असती, असं शायनी पुढे म्हणाली. चप्पल काढून मी पुन्हा खुर्चीत बसलो. अठराच दिवस उरले होते.

६

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी कबरीवर प्रार्थना झाली. जेसीने मेणबत्त्या लावल्या. वाळली होती पोरगी, गळ्याचं हाड वर आलं होतं. पंगतीत सगळ्यांना वाढताना ती मला म्हणाली, "आज बघायचं ना, चेट्टा? मी चाळीस दिवस तेवढ्यावर काढलेत."

शायनी सकाळी आठपासून स्टुडिओत बसली होती. फाइली न उघडता डिस्केवरचं जसंच्या तसं उचलणारं काहीतरी तिने लावलं होतं. जेवून मी गेलो तेव्हा टकटक चालू होती. तिने वर बघितलं नाही.

"जुनी मयतं बरीचशी आली. हिच्याच जागेशी अडतंय. सुई तिथेच आपटतेय." मग म्हणाली, "इतकं एकाच ठिकाणी खरवडलेलं मी बघितलं नाही. चेट्टा, कपाटात ठेवली होतीत ना? चालवत नव्हतात ना?"

"नव्हतो."

दोन वाजून काही मिनिटांनी टकटक थांबली. शायनीने पेचकस खाली ठेवला. दोघांनीही वाट बघितली. ती पुन्हा वाजली नाही.

"गेली," शायनी म्हणाली. "सॉरी, चेट्टा. चेडत्तीच्या जागेतून एकच फाइल निघाली. चाळीस मिनिटांची. नाव खराब झालं होतं, मी साधं नाव दिलंय. उघडलेली नाही. ती बघणं तुमचं काम." शटरखालून वाकून जाताना ती थांबली. नेहमीसारखं काही बोलेल असं वाटलं. "नवव्या दिवशी मीच ओढून नेली असती तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

अकरा मिनिटांच्या चित्रणाची चाळीस मिनिटांची फाइल कशी होईल? मी तिची तारीख बघितली. पेरुन्नाळचा दिवस. सुरुवात दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. त्या वेळी ती डिस्क माझ्या पायाशी होती आणि कॅमेरा समोरच्या खिडकीत चार्ज होत होता. त्या दिवशी मी काही चित्रित केलंच नव्हतं.

मी फाइल उघडली.

आधी नुसता करडा रंग. मग कडेने खोली उमटत गेली. लाल दिव्याचा ठिपका, खिडकी, खिडकीतला कॅमेरा. माझा स्टुडिओ होता. पण मागच्या बाजूने, जिथे भिंत आहे तिथून, आणि फार खालून. खाटेवर आडव्या पडलेल्या माणसाची मान जेवढ्या उंचीवर असते तेवढ्यावरून. मधोमध खुर्चीची पाठ होती आणि खुर्चीत मी होतो. शर्टाची कॉलर आत दुमडली गेलेली. कानांवर हेडफोन.

टक, टक, टक.

पाठमोरा मी हललो नाही. आवाज अगदी जवळून येत होता. त्यामागे कोणीतरी मोठ्याने, ओढून श्वास घेत होतं. आणखी काहीही ऐकू येत नव्हतं. बँड नव्हता. मी कान देऊन ऐकलं, पडद्याला कान लावला. दुपारच्या त्या शांततेत कुठेतरी एक कोंबडा ओरडला. बँड चार वाजता निघतो. दर वर्षी चारलाच निघतो, गावातल्या लहान पोरालाही ते माहीत आहे.

टक, टक, टक.

या वेळी पाठमोऱ्या माणसाची मान किंचित वळली. भिंतीकडे. ऐकू आल्यावर वळते तशी. मग त्याचा उजवा हात टेबलावर पुढे गेला, आवाजाचं बटण जिथे आहे तिथे. आणि त्याने आवाज वाढवला.

मी फाइल बंद केली. सगळी मिळून चार मिनिटंसुद्धा बघितली नव्हती.

७

जेसी यायला अजून वीस मिनिटं होती. ती फाइल पुसायला एक बोट पुरलं असतं. डिस्कने दगा दिला, काही वाचलं नाही, असं म्हटलं असतं तर गावात कोणी मला बोल लावला नसता. शायनीने तोंड उघडलं नसतं. मी बोट त्या बटणावर ठेवून बसून राहिलो, आणि शटरखालून जेसी वाकून आत आली.

"मिळालं?"

"चेहरा नाही मिळाला, मोळे," मी म्हटलं. "डिस्क गेली. माझ्यामुळे गेली. वेळेवर सांगितलं होतं मला, मी ऐकलं नाही."

तिचा चेहरा उतरला, पण रागावली नाही. तिने रागवावं असं मला फार वाटत होतं.

"काहीच नाही?"

"एक आहे. तू एकटी बघ."

मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, हेडफोन तिच्या कानांवर दिले आणि चेडत्तीच्या घराची किल्ली घेऊन बाहेर पडलो. पुढच्या दाराने आत गेलो. खोलीत फिनेलचा वास होता. गादी गुंडाळून ठेवलेली, लोखंडी खाट उघडी. मी खाटेच्या कडेवर बसलो. समोर भिंत होती, पांढरी, नुसती भिंत. तिच्यापलीकडे, माझ्या खुर्चीत, जेसी बसली होती. इथून हाक मारली तर सहज ऐकू जाईल, इतकं अंतर. हाक मारायला मी तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारणार होतो?

मी बोटातली अंगठी खाटेच्या दांड्यावर वाजवली. तीनदा. थांबलो. पुन्हा तीनदा. कोणी आलं नाही. तिच्या कानांवर हेडफोन होते. तेवढ्या वेळात, कोणी येत नसताना वाजवत राहणं म्हणजे काय, ते मला कळलं. दहा मिनिटांतच माझं बोट दुखायला लागलं. चेडत्तीने चाळीस मिनिटं वाजवलं होतं.

जेसी आली तेव्हा उन्हं कलली होती. दारात उभी राहिली. डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर काहीतरी निवल्यासारखं होतं.

"इथे बसलात होय," ती म्हणाली. माझ्याशेजारी खाटेवर बसली. "चित्र काही नाही त्यात, चेट्टा. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता करडा पडदा."

"शेवटपर्यंत?"

"हो. पण आवाज तिचा आहे. तिची अंगठी आहे. श्वाससुद्धा तिचाच आहे, मी ओळखला." तिने माझा हात हातात घेतला. "चेहरा नाही तर नाही. एवढं तरी माझ्यापाशी राहील. तुमच्यामुळे राहिलं."

माझी बोटं तिच्या हातात होती.

"फक्त ऐकवत नाही," ती म्हणाली. "किती वेळ वाजवतेय ती. सारखी वाजवतेय, आणि कोणीच येत नाही. शेवटी शेवटी तीनदासुद्धा होत नाही तिच्याच्याने." ती भिंतीकडे बघत होती. "कधीचं असेल हो हे? कुठल्या दिवशीचं?"

गेल्या वर्षीचं, असं म्हणता आलं असतं. मधे एक महिना ओमना रजेवर होती तेव्हाचं. कॅमेरा चाचणीसाठी लावून ठेवला होता आणि विसरलो, असंही. आणि पडद्यावर जे मी बघितलं ते तिने बघितलंच नव्हतं.

"पेरुन्नाळच्या दिवशीचं," मी म्हटलं. "दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू होतं."

तिने हात लगेच सोडला नाही. मनातल्या मनात काहीतरी जुळवत असावी. बाहेरच्या रस्त्यावरून एक सायकल गेली. मग तिची बोटं एकेक करून सैल झाली.

"बँड चारला निघतो," ती म्हणाली.

"हो."

"मग तुम्ही कुठे होतात, चेट्टा?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं.